पन्नास हजारांचे जुळणीशास्त्र

सुटे भाग स्वतः निवडून गेमिंग संगणक जुळवण्याची हौस मराठी मध्यमवर्गीय घरात साधारणतः बारावीचा निकाल आणि अभियांत्रिकीचे पहिले सत्र यांच्या दरम्यान केव्हातरी उद्भवते, आणि तिचे अधिकृत कारण नेहमी शैक्षणिक असते. घराच्या अर्थखात्याकडे, म्हणजे बहुधा वडिलांकडे, जो प्रस्ताव तोंडी सादर होतो त्यात ऑटोकॅड, ब्लेंडर आणि अलीकडच्या काळात मशीन लर्निंग ही नावे ठळकपणे येतात. खेळांचा उल्लेख झालाच तर तो ‘अधूनमधून’ या क्रियाविशेषणाच्या आडून होतो. हे प्रतिपादन सर्वस्वी असत्य नसते, हीच त्याची ताकद आहे. पंपाच्या चाकाची त्रिमितीय आकृती फिरवून दाखवणे आणि भिंतीआडून येणारा त्रिमितीय शत्रू फिरवून दाखवणे ही दोन्ही कामे संगणकातला एकच भाग करतो, आणि या योगायोगामुळे अभ्यास व करमणूक यांचा खर्च एकाच खात्यावर टाकता येतो.

मंजूर होणारी रक्कम पुष्कळदा 50,000 रुपये असते. हा आकडा कोणत्याही गणिताने सिद्ध होत नाही. तीस हजारांत काहीच होत नाही असे मुलाने आधी सांगून ठेवलेले असते आणि लाखाचा उच्चार करण्याचे धाडस त्याला स्वतःलाच होत नाही, तेव्हा मधल्या मुक्कामावर दोन्ही पक्षांचा तह होतो. या तहात एक संदिग्धता राहून जाते. वडिलांच्या समजुतीप्रमाणे एवढ्या पैशांत टेबलावर मांडून लगेच चालू करता येईल असा संपूर्ण संगणक येतो, तर चिरंजीवांच्या हिशेबात ही रक्कम केवळ खोक्याच्या आतल्या भागांची असते. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, यूपीएस आणि विंडोजचा परवाना या वस्तू वेळ येईल तेव्हा आपोआप प्राप्त होतील असे त्याने मनोमन धरलेले असते. यांपैकी परवान्याचा प्रश्न कसा सुटला हे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली उमटणाऱ्या फिकट अक्षरांवरून कळते. विंडोज सक्रिय करावे अशी विनंती ती अक्षरे अहोरात्र करीत राहतात आणि आठवड्याभरात घरातल्या सर्वांनाच ती दिसेनाशी होतात.

आतले भाग मोजून सातच: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस आणि हे सगळे ज्यात बसते ते कॅबिनेट. तांत्रिक ग्रंथांत यांचे वर्गीकरण गणन, साठवण व वीजपुरवठा अशा कामांनुसार केलेले असते. खरेदीदाराच्या वर्तनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला मात्र निराळे वर्गीकरण अधिक उपयोगी पडते, ते असे की मित्र ज्यांच्याविषयी विचारतात ते भाग आणि ज्यांच्याविषयी कोणीही विचारत नाही ते भाग. ‘कार्ड कुठलं टाकलंस?’ हा वसतिगृहातला पहिला प्रश्न असतो आणि ‘प्रोसेसर?’ हा दुसरा. ‘बारा व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात रे?’ असे मित्राने मित्राला विचारल्याचे उदाहरण सापडणे कठीण आहे. पैसा पहिल्या वर्गाकडे वाहतो, काटकसर दुसऱ्या वर्गात होते, आणि पुढे दुरुस्तीचा प्रसंग आला की तोही बहुतेक दुसऱ्याच वर्गात येतो.

पहिल्या वर्गाचा राजा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणे हे त्याचे काम असून, नेहमीच्या मॉनिटरवर असे आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे एकूण 20,73,600 ठिपके असतात. खेळातील हालचाल सलग भासावी म्हणून हे सगळे चित्र सेकंदाला निदान 60 वेळा नव्याने काढावे लागते, तेव्हा कार्डाला दर सेकंदाला सुमारे 12 कोटी 44 लाख ठिपक्यांचा निवाडा करावा लागतो, आणि इतकी प्रकरणे इतक्या वेगाने निकालात काढणारी दुसरी यंत्रणा आपल्याकडे अस्तित्वात नाही. सेकंदाला किती चित्रे निघाली याच्या मापाला एफपीएस म्हणतात. स्वतःच्या गुणपत्रिकेतील आकड्यांविषयी विलक्षण अलिप्तता बाळगणारा विद्यार्थी 57 आणि 61 एफपीएस यांमधील फरकावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालू शकतो, यावरून या मापाचे सामाजिक वजन ध्यानात यावे.

कार्डांचे नामकरण हा वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे. नाव कायम ठेवून आतला ऐवज बदलण्याची कला या उद्योगाने बरीच पुढे नेली आहे. एनव्हिडियाचे जीटी 1030 हे कार्ड 2017 मध्ये जीडीडीआर5 या वेगवान प्रकारच्या मेमरीसह आले, आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने साध्या डीडीआर4 मेमरीची आवृत्ती निघाली. पहिलीत मेमरीतून सेकंदाला सुमारे 48 गिगाबाइट माहिती ये-जा करू शकत होती, दुसरीत ती 17 गिगाबाइटच्या आसपास आली, आणि खोक्यावरचे मोठे अक्षर मात्र तसेच राहिले. एएमडीच्या आरएक्स 580 मध्ये मुळात गणन करणारे 2,304 घटक होते. 2018 मध्ये चिनी बाजारासाठी काढलेल्या त्याच्या आवृत्तीत ते 2,048 भरले, म्हणजे धाकट्या आरएक्स 570 इतकेच, आणि या वस्तुस्थितीची कबुली नावापुढे ‘2048एसपी’ अशी शेपटी लावून देण्यात आली. ही शेपटी स्वस्त मालाच्या जाहिरातींतून हमखास गळून पडते. आरटीएक्स 3050 या कार्डाच्या 2022 मधल्या 8 जीबी आणि 2024 मधल्या 6 जीबी अशा दोन आवृत्त्यांत केवळ दोन जीबींचाच फरक असणार असे कोणालाही वाटेल, परंतु गणनघटकही 2,560 वरून 2,304 वर आलेले आहेत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण रचणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्ड पाहिलेले नव्हते, इतकेच.

कार्ड निवडताना एक आर्थिक सिद्धान्त प्रत्ययाला येतो, ज्याला ‘अजून दोन हजार’ असे म्हणता येईल. समजा यादीत प्रथम एक साधे कार्ड आले. त्याच्यात अजून दोन हजार घातले की थोडे नवे कार्ड मिळते. नव्यात अजून दोन हजार घातले की त्याहून सरस मिळते, आणि एवढे घातल्यावर आणखी दोन हजारांसाठी मन मारणे हा शुद्ध करंटेपणा ठरतो. या प्रक्रियेचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक पायरीची तुलना फक्त तिच्या खालच्या पायरीशी होते, जिन्याच्या तळाशी कोणीही परत जाऊन पाहत नाही. अखेरीस यादीची बेरीज 68,000 होते, आणि तरीही आपण अठरा हजार जादा खर्च केले असे खरेदीदाराला वाटत नाही. त्याच्या मते त्याने फक्त दोन हजार जादा खर्च केले, मात्र अनेकदा. बेरीज पुन्हा खाली आणण्याची वेळ आली की कात्री ज्यांच्याविषयी कोणी विचारत नाही त्या भागांवर चालते, हे आता वेगळे सांगायला नको.

पैसे वाचवण्याचा दुसरा मार्ग जुन्या बाजारातून जातो. 2020 ते 2022 या काळात इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी, ज्या क्रियेला खाणकाम असे भारदस्त नाव आहे, जगभर ग्राफिक्स कार्डे रांगेने मांडून रात्रंदिवस चालवली गेली. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि बेकार झालेली कार्डे विक्रीला आली. अशा कार्डाच्या वर्णनात ‘यावर फारसे गेम खेळलेले नाहीत’ असे वाक्य आढळते, आणि ते अक्षरशः खरे असते, कारण त्यावर कोणीच कधी काही खेळलेले नसते.

प्रोसेसर हा पहिल्या वर्गातील दुसरा मानकरी. खेळात कोण कोठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, पुढच्या चित्रात काय काय काढायचे, हे तो ठरवतो आणि काढण्याचे काम कार्डाकडे सोपवतो. तो मंद असला तर महागडे कार्डही रिकामे बसते, आणि या अवस्थेला बॉटलनेक म्हणतात. लग्नघरी कढई कितीही मोठी आणली तरी पुऱ्या लाटायला दोघीच बसल्या असतील तर तेल नुसते तापत राहते, तसे हे आहे. संकल्पना साधी व उपयुक्त आहे, पण तरुण वर्गात तिने एखाद्या साथीच्या रोगाइतकी धास्ती पसरवली आहे. यंत्रात कोणता ना कोणता भाग सर्वांत मंद असणारच, त्यामुळे या धास्तीला तात्त्विकदृष्ट्या अंत नाही, आणि प्रोसेसर बदलल्याने कार्ड अपुरे व कार्ड बदलल्याने प्रोसेसर अपुरा ठरवीत माणूस नेटाने लाखापर्यंत पोचू शकतो.

प्रोसेसरच्या नावातील शेवटचे अक्षर मात्र खरोखर वाचण्याजोगे असते. इंटेलच्या कोअर आय3-12100एफ यामधील ‘एफ’ असे सांगतो की यात चित्र काढण्याची अंगभूत सोय नाही, म्हणून किंमत कमी. एएमडीच्या रायझन 5 5600जी यामधील ‘जी’ नेमके उलट सांगतो. स्वस्त पडला म्हणून ‘एफ’ घ्यायचा आणि कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ असे ठरवायचे, हा निर्णय कागदावर काटकसरीचा दिसतो. प्रत्यक्षात महिनाभर संगणक चालू होतो, पंखे फिरतात, दिवे लागतात, फक्त पडद्यावर काही येत नाही. वडिलांना या काळात ‘सेटिंग चालू आहे’ असे सांगण्यात येते.

मदरबोर्ड, म्हणजे ज्या पाटीवर सगळे भाग बसतात ती, घेताना भविष्यकाळ विकला जातो. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचे एएम4 सॉकेट 2016 पासून कित्येक पिढ्या टिकले, त्यानंतरच्या एएम5 ला 2022 मध्ये सुरुवात झाली आणि त्यात केवळ डीडीआर5 रॅम चालते. इंटेलच्या एलजीए1700 मध्ये बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात आणि रॅम डीडीआर4 की डीडीआर5 हे बोर्डावर अवलंबून राहते. पुढे मोठा प्रोसेसर टाकता यावा म्हणून आज महाग बोर्ड घ्यावा, असा उपदेश सर्वत्र केला जातो आणि तर्काच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. व्यवहारात चार वर्षांनी तो दिवस उगवतो तेव्हा मालकाला बोर्डही नवाच हवा असतो.

आता ज्या भागाविषयी कोणी विचारत नाही त्याकडे वळणे प्राप्त आहे. एसएमपीएस भिंतीतून येणारी 230 व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन तिचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, आणि कार्ड व प्रोसेसर ही दोन्ही खादाड मंडळी मुख्यतः 12 व्होल्टच्या वाहिनीवर जगतात. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस ‘फ्री’ येतो त्याच्या अंगावर 500 हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असू शकतो, पण बाजूच्या बारीक कोष्टकात 12 व्होल्टपुढे 18 अँपिअर लिहिलेले असेल तर त्या वाहिनीवर मिळणारी शक्ती बारा गुणिले अठरा, म्हणजे 216 वॅट भरते. आरटीएक्स 3060 हे कार्ड एकटेच 170 वॅटपर्यंत घेते. उरलेल्या 46 वॅटमध्ये प्रोसेसर, पंखे आणि कुटुंबाची प्रतिष्ठा भागवायची असते. दहावीच्या विज्ञानात येणारा हा गुणाकार अभियांत्रिकीचा विद्यार्थी या एकाच ठिकाणी करीत नाही, ही गोष्ट शिक्षणशास्त्रज्ञांनी दखल घेण्यासारखी आहे.

‘80 प्लस’ या खुणेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. 2004 पासून दिल्या जाणाऱ्या या प्रमाणपत्राच्या मूळ पातळीचा अर्थ एवढाच की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान 80 टक्के वीज पुढे पोचते आणि उरलेली उष्णता म्हणून वाया जाते; ब्राँझ, गोल्ड वगैरे पायऱ्यांवर ही टक्केवारी वाढत जाते. व्होल्टेज उसळल्यास हे यंत्र उरलेल्या सहा भागांना वाचवील की सोबत घेऊन जाईल, याविषयी ती खूण काही सांगत नाही. बाजारात तर ‘80 प्लस’ ऐवजी त्याच धर्तीचे, त्याच आकाराचे पण कोणत्याही प्रमाणपत्राशी संबंध नसलेले स्टिकरही दिसतात, आणि काटकसरी ग्राहकाचे त्यावर समाधान होते. पुढे खेळ रंगात आला असता संगणक एकाएकी बंद पडू लागला की दोष क्रमाने खेळाला, विंडोजला, वीज कंपनीला आणि शेवटी धाकट्या बहिणीला दिला जातो. एसएमपीएस या संशयितांच्या यादीत नसतो, कारण तो कोणता आहे हेच कोणाच्या लक्षात नसते. प्रस्तुत लेखाच्या विषयात एकच मत ठामपणे मांडायचे झाले तर ते असे की कार्ड एक पायरी खालचे घ्यावे आणि तो पैसा येथे घालावा. या मताला आजवर कोणत्याही वसतिगृहात बहुमत मिळालेले नाही.

कॅबिनेटचे काम हवा खेळती ठेवणे हे आहे, आणि त्याच्या निवडीची कसोटी काच ही आहे. समोरच्या बाजूला जाळी असेल तर हवा आत जाते पण दिवे दिसत नाहीत; काच असेल तर दिवे दिसतात आणि हवा बाहेरच थांबते. निर्णय बहुधा दिव्यांच्या बाजूने लागतो. रंग बदलणाऱ्या या पंख्यांमुळे अभ्यासाच्या खोलीला गणेशोत्सवाच्या मंडपाची कळा येते आणि आईचे लक्ष प्रथमच या प्रकल्पाकडे जाऊन ‘याला वीज किती लागते?’ हा आजवरचा सर्वांत मूलगामी प्रश्न विचारला जातो. खेळताना संगणक सुमारे 300 वॅट घेत असेल तर तीन तासांना 0.9 युनिट होते, म्हणजे साधारण चार छतपंखे तेवढाच वेळ चालवण्याइतके, हे उत्तर खरे असूनही दिले जात नाही. ‘बल्बएवढी’ असे दिले जाते.

रॅमबाबत दोनच गोष्टी पुरेत. 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8 जीबीच्या दोन घेतल्या तर प्रोसेसरला माहितीचे दोन मार्ग एकदम खुले होतात, आणि अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला त्याचा फायदा सर्वांत जास्त होतो. तरीही ‘पुढे अजून एक टाकता येईल’ म्हणून एकच घेतली जाते. दुसरी गोष्ट कालमानाची आहे. 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून मेमरीची मागणी इतकी वाढली की साध्या रॅमच्या किमती भराभर चढल्या. ज्या मशीन लर्निंगच्या नावाने घरात प्रस्ताव मंजूर झाला होता त्याच मशीन लर्निंगने त्याचे अंदाजपत्रक कोसळवावे, हा न्याय अनेक वडिलांना समजला असता तर आवडला असता.

यादी पक्की झाली की बाजाराचा टप्पा येतो. मुंबईत तो ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर पार पडतो, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही जागा घेते. येथील अनुभवी दुकानदार एकाच वाक्यात दोन गिऱ्हाइके सांभाळतो. वडिलांकडे वळून ‘काका, एकदा घेतला की दहा वर्षं बघायला नको’ असे तो सांगतो, आणि वडील खिशात हात घालीपर्यंत मुलाकडे झुकून ‘भावा, हे दोन वर्षांत जुनं होईल, वरचं मॉडेल घे’ असे सुचवतो. दोन्ही विधाने परस्परविरोधी असूनही दोन्ही श्रोत्यांना पटतात. पाठकोऱ्या कागदावर लिहिलेल्या कोटेशनची बेरीज ऐकून वडील गंभीर झाले की ‘बिल पाहिजे का तसंच चालेल?’ हा प्रश्न हळू आवाजात येतो. वस्तू व सेवा कराचा दर या भागांवर 18 टक्के असल्याने पन्नास हजारांच्या मालावर तो नऊ हजार होतो, आणि नऊ हजारांचा मोह सोडवत नाही. तीन वर्षांची वॉरंटी मागताना बिल दाखवावे लागते, ही माहिती त्या क्षणी उभयतांना ठाऊक असून कोणालाही आठवत नाही.

जुळणीनंतरचे दोष निवडीतल्या दोषांपेक्षा सूक्ष्म असतात. 3200 मेगाहर्ट्झची म्हणून घेतलेली डीडीआर4 रॅम बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ व्यवस्थापत्रकात जाऊन एक्सएमपी नावाचा पर्याय निवडीपर्यंत 2133 किंवा 2400 वर संथपणे चालत राहू शकते. मॉनिटरची वायर कार्डाला जोडायच्या ऐवजी मदरबोर्डाच्या खाचेत खोचली, आणि प्रोसेसर ‘जी’ जातीचा असला, तर चित्र येते, खेळही चालतो, आणि यादीतील सर्वांत महाग वस्तू आत निवांत बसून राहते.

मॉनिटरचे प्रकरण याहून वरचे आहे. सेकंदाला 144 चित्रे दाखवू शकणारा मॉनिटर अनेक वेळा ‘अजून दोन हजार’ म्हणून घेतलेला असतो. विंडोज मात्र पुष्कळदा त्याला 60 वरच ठेवते आणि तो आकडा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदलावा लागतो. हे ठाऊक नसलेला मालक घरी येणाऱ्या प्रत्येकाला माउस फिरवायला लावून ‘एकदा 144 ची सवय लागली की 60 कडे बघवत नाही’ असे सांगत असतो, आणि पाहुण्यांनाही तो फरक स्पष्ट दिसतो. दिवाळीच्या सुटीत आलेला एखादा चुलतभाऊ सेटिंग उघडून तेथला 60 चा आकडा दाखवतो व 144 करतो, तेव्हा मालक थोडा वेळ माउस फिरवून पाहतो, ‘हो, किंचित फरक पडला’ एवढे मान्य करतो, आणि या केबलमधून पूर्ण 144 येत नसणार असे निदान करून नव्या केबलच्या किमती पाहू लागतो.